लाभ

दारव्ह्याच्या बाजार समितीत, तिसऱ्या शेडच्या खांबावर
एक हिरवी पेटी लागली आहे.
खाली नळ, बाजूला सोयाबीनच्या भावाची पाटी,
समोर माझी चहाची गाडी.

पेटी लागली लाहोटी मुनीम गेल्यावर दीड वर्षानं.
पावतीवर सही करता करता ते पोत्यावर कलले
तेव्हा आम्ही चाळीस माणसं होतो.
कोणी कांदा फोडला. कोणी चप्पल हुंगवली.
कोणी "हवा येऊ द्या" म्हणत आणखी जवळ आलं.
मी आधी स्टोव्ह बंद केला,
दूध उतू जाईल म्हणून.
हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी, लिलाव नसतो तेव्हा,
उपकेंद्राच्या सोयाम सिस्टर आल्या
स्कूटीच्या मागे एक माणूस बांधून.
कमरेपर्यंतचाच माणूस. रबरी. तोंड उघडं,
काही सांगता सांगता राहिल्यासारखं.
ताडपत्रीवर निजवला तर दोघा हमालांनी टोप्या काढल्या.
मग कोणीतरी फिसकन हसलं
आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

"पहिले हाक मारा. खांदे हलवा.
ओ देत नाही, श्वास नाही, नाहीतर नुसते आचके,
तर एकानं एकशे आठला फोन,
एकानं पेटीकडे धावायचं,
आणि तुम्ही इथंच. तळवा छातीच्या मधोमध."

अन्वर पुढं आला. अडत्याचा पोरगा आला.
धडाधड दाबलं, मोजता मोजता चुकले, हसले.
"क्विंटलचं पोतं पाठीवर घेता," सिस्टर म्हणाल्या,
"अन् दोन इंच दाबनं होत नाही?"

तेव्हा मागून तुळशीराम भोयर उठला.
मापारी. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून
त्याच्या आवाजाला समितीत काम नाही;
पावत्यांचे गठ्ठे बांधतो, सुतळी दातानं तोडतो.
गुडघे टेकले, कोपरं ताठ केली,
आणि जुना सूर लावला:
लाभ, दोन, तीन, चार...

मापात एक म्हणायचं नसतं.
पहिली पायली लाभाची.

"जलद, काका."
मग त्यानं चाल बदलली.
आभाळ भरून आल्यावर
उघड्यावरचा माल मोजतात, ती चाल.
सिस्टर घड्याळ बघत राहिल्या. मिनिटाला एकशे दहा.
"अन् दर खेपेला छाती पुरती वर येऊ द्या."
"ठाऊक हाये मले," तो दमातून म्हणाला,
"पायली पुरी भरू द्या लागते, बाई,
मंगच ओतायची."

पेटी उघडली तर ती बोलायलाच लागली.
हिंदीत, अदबीनं, बँकेतल्या बाईसारखी:
हे इथं चिकटवा, ते काखेखाली, आता दूर व्हा.
"दूर" म्हणताच चाळीस माणसं
खरंच एक पाऊल मागं सरली.

शेड झाडणारी सिंधू विचारत होती,
परक्या माणसाच्या छातीले बाईनं हात लावाव का.
मी विचारलं, बरगडी मोडली तं?
"मोडू दे," सिस्टर म्हणाल्या. "बरगडी जुळते."
पुढचं बोलल्या नाहीत.

मग माझा नंबर.
बांगड्या मागं सारल्या. पदर खोचला.
तुळशीराम मोजत होता, मी दाबत होते,
आत कुठंतरी प्लास्टिक टक् टक् वाजत होतं,
आणि अठरा की एकोणीसला मला वास आला.
चाळीस कपांचं दूध, माझ्या पाठीशी, स्टोव्हवर.
सुर्र झालं. कोणी तरी "ओ बाई" म्हणालं.
मी उठले नाही.
वीस. एकवीस.
तीसपर्यंत मी उठले नाही.

काळा चहा प्यायले सगळे. कुरकुर केली नाही कोणी.
पातेल्याचं बूड मात्र अजून निघालेलं नाही,
राखेनं झालं, विटेनं झालं.

तेव्हापासून शेडमध्ये कोणी पडलं नाही.
सोयाबीन येते, तूर येते, भाव पुकारतात,
आणि मी कपात ओतता ओतता
बोली लावणाऱ्यांचे श्वास बघत असते.
सकाळी गाडी उघडली की
आधी खांबाकडे नजर जाते,
हिरवा दिवा लुकलुकतो आहे ना.
स्टोव्ह नंतर.